व्हान आइकचा बारीक कुंचला आणि रुबेन्सचा मोकळा हात एकाच परंपरेतले कसे?

चित्रकलेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "तैलरंगाचा शोध जान व्हान आइकने लावला असं आमच्या नोट्समध्ये आहे. ते खरं आहे का? फ्लेमिश आणि डच चित्रकला एकच का? आणि व्हान आइकचं ते काचेसारखं गुळगुळीत काम आणि रुबेन्सचे सळसळते फटकारे, हे दोन्ही 'फ्लेमिश' कसे?"

मी तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करते. चित्र समोरून बघण्यात जितका वेळ जातो, तितकाच त्याचे थर, भेगा आणि पाठीमागचं लाकूड तपासण्यात जातो. त्यामुळे माझं उत्तर चित्राच्या विषयांपेक्षा त्याच्या पोटातून येणार आहे. माझ्या मते तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे, आणि तिथपर्यंत पोचलो की पहिल्या दोन प्रश्नांचीही उकल होते. फ्लेमिश म्हणजे फ्लँडर्स आणि आसपासचं, साधारण आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातलं; व्हान आइक तिथला पंधराव्या शतकातला चित्रकार, रुबेन्स सतराव्या शतकातला.

आधी शोधाचं बघू. तैलरंग व्हान आइकच्या कितीतरी आधीपासून होता. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या एका ख्रिस्ती साधूने जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती लिहून ठेवली आहे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि हे काम फार कंटाळवाणं होतं, अशी तक्रारही त्याने तिथेच केली आहे. 1400 च्या सुमारास इटलीत चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने लिहिलं, की जर्मन लोक तेलात बरंच काम करतात. आपल्याकडून बघितलं तर अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधली भित्तिचित्रं त्याहून जुनी, सातव्या शतकातली आहेत. तिथल्या काही रंगांत अक्रोड किंवा खसखशीच्या जातीचं वाळणारं तेल सापडलं.

मग व्हान आइकचं नाव आलं कुठून? जॉर्जो वसारी या इटालियन चित्रकार-लेखकाने 1550 मध्ये कलावंतांची चरित्रं छापली, त्यातून. त्याची गोष्ट अशी: जानने वार्निश दिलेलं चित्र उन्हात वाळत ठेवलं, फळ्या तडकल्या, आणि मग सावलीत वाळणारं तेल शोधता शोधता त्याला जवस आणि अक्रोड सापडले. गोष्ट झकास आहे, म्हणून टिकली. 1774 मध्ये लेसिंग या जर्मन लेखकाने थिओफिलसच्या हस्तलिखिताकडे लक्ष वेधून ती खोडून काढली, तरी आजही ती नोट्समध्ये असतेच. तुमच्या नोट्समधलं वाक्य खोडा आणि त्याजागी असं लिहा: तैलरंगाच्या पातळ, पारदर्शक थरांतून काय काय साधता येतं, हे व्हान आइकने इतक्या पूर्णपणे दाखवलं की पुढच्यांना त्यानेच ते माध्यम शोधल्यासारखं वाटलं.

आता ते थर कसे बसतात ते सांगते, कारण सगळं त्यावर उभं आहे.

पंधराव्या शतकातल्या ब्रूज किंवा गेंटमधल्या चित्रकाराचा आधार म्हणजे ओकचा फलक. चांगला ओक बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजाने यायचा. फळ्या अशा चिरलेल्या असत की वर्षवलयं पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात येतात, म्हणजे लाकूड कमी वाकतं. याच वलयांवरून आज झाड कोणत्या वर्षानंतर तोडलं हे ठरवता येतं, आणि बनावट चित्रं पकडायला त्याचा मोठा उपयोग होतो. फलकावर खडू आणि प्राण्यांच्या कातडी-हाडांचा सरस यांचं अस्तर. इटलीत खडूऐवजी जिप्सम वापरत. हे अस्तर घासून हस्तिदंतासारखं पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत करायचं. त्यावर काळ्या रंगाने रेखांकन. मग तेलाचा एक पातळ हात, म्हणजे अस्तर वरचा रंग पिऊन टाकणार नाही. आणि त्यानंतर रंग, थरावर थर, प्रत्येक थर वाळू देऊन.

प्रकाश या थरांमधून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परत बाहेर येतो. विहिरीच्या तळाला पांढरी फरशी असली की पाणी आतून उजळतं, तसंच. टेम्पेरात, म्हणजे अंड्याच्या बलकातल्या रंगात, हे साधत नाही. तिथे रंग चटकन वाळतो, छाया बारीक बारीक रेघा मारून दाखवावी लागते, आणि प्रकाश बराचसा पृष्ठभागावरूनच परततो. तेलाने रंगाला खोली दिली. पुन्हा तेल हवेतला ऑक्सिजन शोषून सावकाश वाळतं, त्यामुळे ओल्यात ओला रंग मिसळून कडा विरघळवायलाही वेळ मिळतो.

लाल वस्त्राचं उदाहरण घ्या. खाली हिंगूळ, म्हणजे अपारदर्शक भडक लाल; त्यात थोडा लाल लेक, म्हणजे रंगाऱ्याच्या रंगापासून केलेला पारदर्शक लाल, मिसळलेला. त्यावर नुसत्या लाल लेकचे ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर. घडीच्या खोलगट भागात ग्लेझ जाड, उंचवट्यावर पातळ. सावली काळा मिसळून केलेली नसते, तोच लाल रंग तिथे अधिक जाड असतो. म्हणून ती सावली मळकट न वाटता भरलेली वाटते. हा लाल लेक अनेकदा रंगवलेल्या लोकरी कापडाच्या कातरणांतून रंग पुन्हा काढून बनवत. फ्लँडर्स हा कापडाचा मुलूख, कातरणांना तोटा नाही. आणि ज्या जवसाच्या देठापासून तिथलं लिनन विणलं जायचं, त्याच्याच बियांचं तेल रंगात पडायचं. चित्रकाराचा अर्धा माल त्याच्या गावच्या मुख्य धंद्यातूनच येत होता, हे कलेच्या इतिहासात फार क्वचित सांगितलं जातं.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघू. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हान आइकचं लाल फेटेवाल्या माणसाचं चित्र आहे, बहुधा त्याचं स्वतःचं. वहीच्या पानाएवढं. चौकटीवर 21 ऑक्टोबर 1433 ही तारीख आणि 'मला जमेल तसं' अशा अर्थाचं त्याचं ब्रीद. त्यातल्या डाव्या डोळ्याचा पांढरा भाग पाहा. तो नुसता पांढरा नाही, त्यात कणभर लाल आणि निळा आहे. त्यावरून लाल रंगाचा अगदी विरळ हात फिरवला आहे, पण चार ठिकाणी खालचा थर मुद्दाम उघडा ठेवला आहे. तो विरळ थर ओला असतानाच त्यात हिंगुळाने शिरा ओढल्या आहेत, म्हणून त्या पृष्ठभागावर चिकटवल्यासारख्या न दिसता आत बुडालेल्या दिसतात. बुबुळाचा निळा म्हणजे अल्ट्रामरीन. कडेला जवळजवळ शुद्ध, बाहुलीकडे येताना पांढरा-काळा मिसळलेला. शेवटी सफेद्याचे, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचे, चार ठिपके: एक बुबुळावर, तीन पांढऱ्या भागावर, त्या आधी उघड्या ठेवलेल्या जागांशी जुळवून. डोळा ओलसर दिसतो तो यामुळे. एवढं सगळं मिलिमीटरच्या हिशेबात. "व्हान आइक बारीक काम करायचा" एवढं म्हणून आपण पुढे जातो, पण नुसत्या बारीकपणाने हे होत नाही. थर कोणत्या क्रमाने येणार आणि कुठे थांबायचं, हे त्याने आधीच ठरवलेलं होतं.

गेंटची वेदी, म्हणजे तिथल्या चर्चमधलं वेदीवरचं अनेक फलकांचं भव्य चित्र, हीही याच हातातून आली. तिच्या चौकटीवरच्या चार ओळी सांगतात, की ह्युबर्टने काम सुरू केलं, भाऊ जानने पुरं केलं, खर्च योस व्हेइडने केला, आणि 6 मे 1432 रोजी ती खुली झाली. ह्युबर्ट 1426 मध्येच वारला होता. या कामाच्या वाट्याला आलेले भोग वेगळेच. काही फलक बर्लिनला गेले आणि पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने परत आले. 'न्यायी न्यायाधीश' हा फलक एप्रिल 1934 मध्ये चोरीला गेला, तो अजून सापडलेला नाही. आज तिथे नक्कल आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ती पळवली आणि 1945 मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत ती सापडली.

आमच्या पेशातल्या माणसाला मात्र 2012 पासून सुरू झालेलं तिचं संवर्धन जास्त मोलाचं वाटतं. वार्निश काढताना लक्षात आलं, की व्हान आइकचं म्हणून जे आपण बघत होतो त्यातला बराच भाग सोळाव्या शतकातल्या दुरुस्त्यांचा होता. मूळ रंगाला पडलेल्या भेगांच्या आत नवा रंग उतरलेला, मधे जुन्या वार्निशाचा आणि मळाचा थर: अशा खुणांवरून वरचा रंग उपरा आहे हे ठरतं. तो मायक्रोस्कोपखाली, स्काल्पेलने, कणाकणाने काढला. मधल्या फलकावरच्या कोकराचा, म्हणजे ख्रिस्ताच्या प्रतीकाचा, चेहरा बदलला. आधीचा मवाळ, मेंढरासारखा. खालून निघाला तो समोर रोखून बघणारा, जवळजवळ माणसासारख्या डोळ्यांचा. लोकांना तो विचित्र वाटला, त्याची थट्टाही झाली. मला तो चेहरा फार थोर वाटतो. ते कोकरू बळी जाणारं आहे आणि त्याला ते माहीत आहे, असं व्हान आइकला म्हणायचं होतं. शंभरेक वर्षांनी कुणाला तरी ते सोसवलं नसावं.

हे सगळं करायला पैसा लागतो, आणि वेळ त्याहून जास्त लागतो. तो ब्रूजमध्ये होता. 1384 पासून फ्लँडर्स बर्गंडीच्या ड्यूकांकडे होतं. ड्यूक फिलिप 'द गुड'ने 1425 मध्ये जानला पदरी ठेवलं आणि लग्नाच्या बोलणीसाठी शिष्टमंडळ पोर्तुगालला गेलं तेव्हा राजकन्येचं चित्र काढायला त्यालाही धाडलं. दरबाराखेरीज इटालियन व्यापारी आणि बँकवाले होते. 1434 च्या आर्नोल्फिनी चित्रातला पुरुष इटलीतल्या लुक्काच्या व्यापारी घराण्यातला. त्या चित्राची रंगाखालचं रेखांकन दाखवणारी इन्फ्रारेड तपासणी झाली तेव्हा दिसलं की हात-पाय रेखांकनात वेगळ्या जागी होते, आणि पायाशी उभा कुत्रा रेखांकनात नव्हताच. तो रंगवताना थेट आला. म्हणजे इतक्या आखीव कामातही ऐनवेळच्या निर्णयाला जागा होती.

व्हान आइकच्याच काळातल्या रोगियर व्हान डर वेडनकडे साधनं तीच, पण तो दुसरीकडे वळला. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातलं त्याचं 'क्रूसावरून उतरवताना' लुव्हेनच्या धनुर्धाऱ्यांच्या संघासाठी 1435 च्या आसपास झालं. दहा माणसं एका उथळ, सोनेरी पेटीत कोंबली आहेत. मागे आकाश नाही, देखावा नाही, डोळ्याला पळून जायला वाटच नाही. मूर्च्छित मारियाचं शरीर तिच्या मुलाच्या शरीराच्याच वळणात कोसळतं. गालांवरचे अश्रू व्हान आइकच्याच पद्धतीचे, पारदर्शक थेंब आणि त्यावर प्रकाशाचा ठिपका; पण व्हान आइकच्या माणसांना रडताना तुम्ही असं बघणार नाही. पुढच्या दोन पिढ्यांनी व्हान आइकपेक्षा रोगियरचीच जास्त नक्कल केली, आणि ते साहजिक होतं: त्याच्या आकृत्या उचलून दुसऱ्या चित्रात बसवता येत होत्या.

त्याच पिढ्यांतला ह्युगो व्हान डर गूस. मेदिची बँकेचा ब्रूजमधला व्यवस्थापक तोमासो पोर्तिनारी याने त्याच्याकडून एक प्रचंड वेदी करून घेतली आणि ती 1483 मध्ये फ्लॉरेन्सला पोचली. तिच्यातले राठ चेहऱ्याचे, दात पडलेले, अवघडून वाकलेले मेंढपाळ बघून तिथले चित्रकार हादरले. दोनच वर्षांत गिर्लांदायोने आपल्या चित्रात तसेच मेंढपाळ रंगवले. प्रभाव नेहमी इटलीकडून उत्तरेला गेला असं ज्यांनी शिकवलं असेल, त्यांना हे उदाहरण सांगा. लुव्हेनचा डिर्क बाउट्स आणि ब्रूजचा मेमलिंग हे याच काळातले. मेमलिंग जन्माने जर्मन, 1465 मध्ये ब्रूजचा नागरिक झाला. म्हणजे फ्लेमिश ठरायला फ्लँडर्समध्ये जन्मण्याची अट नव्हती. तिथल्या गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघात, तिथल्या रीतीने काम करणं पुरेसं होतं.

यानंतर जे घडलं त्याकडे विद्यार्थ्यांचं नेहमी दुर्लक्ष होतं, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. ब्रूजचा समुद्राकडे जाणारा झ्विन फाटा गाळाने भरत गेला, राजकीय भांडणांत परदेशी व्यापारी निघून गेले, आणि धंदा अँटवर्पला सरकला. 1501 मध्ये पोर्तुगीज जहाजं मलबारची मिरी घेऊन अँटवर्पला लागली. तिथे चित्रं नुसती सांगून करून घेत नसत, तयार विकत मिळत. कॅथेड्रलच्या आवारात चित्रं-पुस्तकांची बाजारपेठ होती आणि 1540 पासून नव्या व्यापारपेठेच्या वरच्या मजल्यावर फक्त चित्रांचे गाळे. गिऱ्हाईक कोण हे माहीत नाही, किंमत बेताची, माल निर्यातीला जायचा. अशा वेळी प्रत्येक घडीवर चार-चार ग्लेझ देऊन, प्रत्येक वाळायची वाट बघणं परवडत नाही.

चित्रकारांनी यावर तोड काढली. कामं वाटून घेतली: देखाव्यात पाटिनिरचा हातखंडा, आकृत्यांत क्वेंटिन मासाइसचा, प्राडोमधल्या एका चित्रावर दोघांनी मिळून काम केलं आहे. आणि थर कमी केले. पांढरं अस्तर आहेच, ते उजेड देतंच. मग सगळीकडे रंग कशाला थापायचा? एकाच बैठकीत पातळ रंग लावायचा, अस्तराचाच एक छटा म्हणून उपयोग करायचा. शेजारच्या ब्राबांट प्रांतातल्या बॉश या चित्रकाराने हे थोडं आधीच सुरू केलं होतं. पीटर ब्रूगेलने त्याची कमाल केली.

ब्रूगेल 1551 मध्ये अँटवर्पच्या गिल्डमध्ये मास्टर झाला, आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला, आणि परतल्यावर हिरोनिमस कॉकच्या छापखान्यासाठी रेखाचित्रं करू लागला. 1565 मध्ये त्याने निक्लास योंगेलिंक या व्यापाऱ्यासाठी ऋतूंची मालिका रंगवली; त्यातली पाच चित्रं आज शिल्लक आहेत आणि 'बर्फातले शिकारी' व्हिएन्नात आहे. त्याच्या फलकांवर रंग किती कमी आहे हे छायाचित्रात कळत नाही. कित्येक ठिकाणी खालचं रेखांकन साध्या डोळ्यांना दिसतं. रंगाचा पातळ हात आणि त्यातून डोकावणारं अस्तर, एवढ्यावर आख्खी टेकडी उभी राहते. तेल काळाच्या ओघात अधिक पारदर्शक होतं, म्हणून आज ते रेखांकन त्याच्या काळापेक्षाही जास्त दिसतं. शेतकऱ्यांची चित्रं काढतो म्हणून त्याला 'शेतकरी ब्रूगेल' म्हणण्याची जुनी सवय आहे. त्याचं गिऱ्हाईक बघा: श्रीमंत, शिकलेले, शहरी लोक. योंगेलिंककडे त्याची 16 चित्रं होती.

इथे आपल्याशी असलेला एक खरा धागा सांगितलाच पाहिजे. अँटवर्पहून चित्रांइतकेच छाप, म्हणजे कोरीव पत्र्यांवरून कागदावर छापलेली चित्रं, जगभर जात. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. त्यांनी नजर केलेल्या वस्तूंत अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्याचं आठ खंडांचं बहुभाषी बायबल होतं, आणि त्यात फ्लेमिश कोरीव चित्रं होती. केसू दास, बसावन यांच्यासारख्या मुघल चित्रकारांनी अशा छापांवरून काम केलं. त्या काळातल्या मुघल लघुचित्रांत अचानक येणारी दूरची निळसर शहरं आणि घडीदार वस्त्रं बघताना गोव्याच्या बंदराची आठवण ठेवा.

आता फ्लेमिश आणि डच. तेव्हा हा सगळा मुलूख, उत्तर-दक्षिण दोन्ही, स्पेनच्या कॅथलिक राजाकडे होता. 1566 च्या ऑगस्टमध्ये प्रॉटेस्टंट मूर्तिभंजकांनी चर्चमधली चित्रं-शिल्पं फोडली. मग स्पेनविरुद्धचं बंड, 1576 मध्ये स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्पची केलेली लूट, आणि 17 ऑगस्ट 1585 ला शहर स्पेनच्या हाती पडलं. प्रॉटेस्टंटांना गाव सोडायला मुदत मिळाली, आणि काही वर्षांत लोकसंख्या जवळपास निम्म्यावर आली. अँटवर्पला समुद्राशी जोडणाऱ्या शेल्ट नदीचं मुख उत्तरेच्या बंडखोरांनी रोखून धरलं. जे उत्तरेला गेले त्यांच्यात अँटवर्पमध्ये जन्मलेला लहानगा फ्रान्स हाल्स होता, जो पुढे हार्लेमचा आणि डच चित्रकलेचा मानबिंदू झाला. तेव्हा 1585 च्या आधी हे दोन वेगळे संप्रदाय मानण्यात फारसा अर्थ नाही. त्यानंतर उत्तरेत प्रॉटेस्टंट प्रजासत्ताक, चर्चमध्ये चित्रं नाहीत, घरासाठी लहान चित्रं. दक्षिणेत कॅथलिक राजवट, आणि फोडलेल्या वेद्या नव्याने भरून काढण्याचं प्रचंड काम.

त्या कामासाठीच जणू रुबेन्स 1608 मध्ये इटलीहून परतला. आठ वर्षं तिथे काढून, टिशियन आणि कारावाज्जो हे इटालियन चित्रकार पचवून. अँटवर्प कॅथेड्रलमधली 'क्रूस उभारताना' ही त्याची वेदी 1610-11 ची. स्नायू, कर्णरेषा, ओढाताण, सगळं इटालियन वाटतं. पण आधार काय? ओकचा फलक आणि खडूचं अस्तर. अगदी व्हान आइकचंच.

फरक पुढच्या पायरीत आहे. रुबेन्स त्या पांढऱ्या अस्तरावर राखाडी-तपकिरी रंगाचा एक पातळ हात रुंद ब्रशने झरझर ओढतो, ब्रशचे पट्टे तसेच दिसू देतो. त्याच्या तैलरेखाटनांत हे पट्टे उघडे दिसतात. छाया तो पातळ, पारदर्शक तपकिरीत ठेवतो, म्हणजे तिथे प्रकाश खालच्या अस्तरापर्यंत जाऊन परत येतो. उजेडाच्या जागी मात्र सफेदा मिसळलेला जाड, अपारदर्शक रंग. आणि अंगकांतीत उजेड-सावलीच्या मधे तो मोतिया-निळसर राखाडी येतो ना, तो अनेकदा निळा रंग घालून केलेला नसतो. गडद तळावर फिकट रंगाचा विरळ हात दिला की तो आपोआप थंड दिसतो. व्हान आइकने सगळं चित्र तळातून उजळलं. रुबेन्सने सावली तळावर सोपवली आणि उजेड वर आणला. या दोघांच्या मधे ब्रूगेल आणि बाजारातल्या त्या शेकडो घाईच्या हातांनी अस्तराला कामाला लावायला शिकवलं नसतं, तर हे झालं नसतं. म्हणून मी दोघांना एकाच परंपरेत धरते.

हा वेग त्याला लागतही होता. 1622 ते 1625 मध्ये त्याने फ्रान्सच्या राजमाता मारी द मेदिचीसाठी 24 भव्य चित्रांची मालिका पुरी केली. पदरी कार्यशाळा, शिवाय बरोबरीचे मास्टर. 1618 मध्ये इंग्रज मुत्सद्दी डडली कार्लटनला चित्रं देऊ करताना त्याने यादीत स्पष्ट लिहिलं: हे माझ्या हातचं, हे शिष्याने केलेलं आणि मी हात फिरवलेलं, आणि प्रोमेथियसच्या चित्रातला गरुड प्राणी रंगवण्यात तरबेज अशा स्नायडर्सने रंगवलेला. असं लिहिताना त्याला कसलाच कमीपणा वाटला नाही. एकट्याच्या सहीची आजची ओढ त्या काळावर लादू नका.

त्याच्या काही देखाव्यांचे फलक म्हणजे आमच्या पेशातली डोकेदुखी. चित्र वाढत गेलं की तो फळ्या जोडत जायचा. 1635 मध्ये घेतलेल्या हेट स्टेन या गढीचा शरद ऋतूतला देखावा लंडनला आहे, तो लहानमोठ्या बऱ्याच तुकड्यांचा जोड आहे. प्रत्येक तुकड्यातल्या लाकडाच्या रेषांचा कल निराळा, त्यामुळे हवा दमट-कोरडी झाली की प्रत्येक जण आपल्या दिशेने हलतो. असे फलक प्रवासाला पाठवायला संग्रहालयं सहसा तयार नसतात, त्याचं कारण हेच.

रुबेन्स 1640 मध्ये आणि त्याचा सर्वांत हुशार सहकारी व्हॅन डाइक 1641 मध्ये वारला. अँटवर्पचाच चित्रकार योर्डान्स आणखी बरीच वर्षं जगला, त्याच गावच्या तेनिर्स या चित्रकाराने 1663 मध्ये अँटवर्पला अकादमी उभी केली, पण स्पेन आणि डचांमधल्या 1648 च्या तहाने शेल्ट बंदच ठेवली आणि पैसा आटला. त्याआधीची दोन नावं मात्र नोट्समध्ये टिपून ठेवा. काटेरिना व्हान हेमेसन: तिचं 1548 चं स्वचित्र हे ईझेलपुढे काम करणाऱ्या चित्रकाराचं आज माहीत असलेलं बहुधा सर्वांत जुनं स्वचित्र आहे. आणि क्लारा पेटर्स: 1611 च्या तिच्या वस्तुचित्रांपैकी एकात सोनेरी पेल्याच्या फुगीर गोळ्यांवर तिने स्वतःचा चेहरा पुन्हा पुन्हा, मुगाच्या दाण्याएवढा रंगवला आहे. आर्नोल्फिनी चित्रात मागच्या भिंतीवर जो बहिर्वक्र, म्हणजे फुगीर, आरसा आहे, त्याचा हा सरळ वारसा आहे.

बघायला जाणं परवडत नसेल तर 'क्लोजर टू व्हान आइक' आणि 'इनसाइड ब्रूगेल' ही दोन संकेतस्थळं फुकट आहेत; इन्फ्रारेड आणि क्ष-किरण प्रतिमा मूळ चित्राशेजारी ठेवून बघता येतात. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे चित्रासमोर उभं राहण्याऐवजी एका कडेला उभं राहा आणि पृष्ठभागावरून तिरप्या उजेडात रंग कुठे चढलाय, कुठे अस्तराला टेकलाय ते बघा.

आणि हे हाताने करून बघा. जाड प्लायचा तुकडा घ्या, सरसाचं पाणी दोन्ही बाजूंनी मारा. एकाच बाजूने मारलंत तर पावसाळ्यात तो नक्की वाकेल. वर खडू-सरसाचे पाच-सहा हात देऊन घासून घ्या. अर्धा भाग पांढरा ठेवा, उरलेल्या अर्ध्यावर मध्यम राखाडी तैलरंगाचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. खऱ्या सफेद्याच्या, म्हणजे शिशाच्या पांढऱ्याच्या, कोरड्या पुडीच्या वाटेला घरी जाऊ नका, ती विषारी असते. ट्यूबमधला टायटॅनियम चालेल. मग जवसाच्या तेलात पातळ केलेला पारदर्शक लाल रंग दोन्ही भागांवर एकाच वेळी, एकसारखा फिरवा. वाळला की दुसरा हात, मग तिसरा. तेलाचं प्रमाण खालच्या थरापेक्षा वरच्यात थोडं जास्त, नाहीतर भेगा पडतात. दमट हवेत दोन हातांमध्ये आठवडाही जाईल, घाई करू नका. तिसऱ्या हातानंतर पांढऱ्या बाजूचा लाल पेटलेला दिसेल, राखाडी बाजूचा विझलेला. आता राखाडी बाजूवर त्या पांढऱ्या रंगात लाल मिसळून, जाड, एकच ठसठशीत फटकारा मारा आणि त्याची एक कड कोरड्या ब्रशने विरळ करत न्या. ती कड निळसर दिसू लागेल, निळा रंग न लावता.